राक्षसाची शिंक

राक्षस शिंकला आणि अक्षया हसली.

नुसतं ओठांनी नाही. मान मागे टाकून, तोंडावर हात न धरता हसली. पुढच्या रांगेतली मुलं खिदळत होती, त्यांच्या आया हसत होत्या, सगळं थिएटरच हसत होतं. कमलाकरांना मात्र शेजारच्या खुर्चीतलं हसणं तेवढं ऐकू आलं. त्यांनी वळून पाहिलं. पडद्यावरचा पिवळा उजेड सुनेच्या चेहऱ्यावर हलत होता. मांडीवरचा पॉपकॉर्नचा डबा कलंडला होता आणि ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांचा मुलगा शार्दूल गेल्यापासून त्यांनी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

त्यांनी डबा हलकेच सरळ केला आणि पुन्हा पडद्याकडे तोंड केलं.

पहिल्या भागात या राक्षसाचा चेहरा एकदाही दाखवला नव्हता. डोंगराच्या पोटात काहीतरी झोपलेलं आहे एवढंच कळायचं. त्याने श्वास सोडला की खालच्या गावातल्या सगळ्या दिव्यांच्या ज्योती एका बाजूला झुकायच्या. घंटा वाजत राहिली तरच तो झोपून राहणार होता. शेवटी देवळातली घंटा वाजवणारा तरुण पोरगा ती घंटा खांद्यावर घेऊन डोंगरात शिरला. गुहेच्या तोंडाला आतून दगड लागला, पडदा काळा झाला, आणि त्या काळोखात नुसती घंटा वाजत राहिली. नावं संपून दिवे लागेपर्यंत कुणी जागचं उठलं नव्हतं.

आता तोच राक्षस जागा झाला होता. त्याला सर्दी झाली होती आणि एक बोलकी शेळी त्याला काढा पाजत होती.

कमलाकरांनी नागपूरच्या एका दैनिकात उभी हयात काढली. रोज दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका दुरुस्त करायच्या आणि दर रविवारी सिनेमाचं परीक्षण लिहायचं. गावातले थिएटरवाले त्यांच्या परीक्षणाला वचकून असत. निवृत्तीनंतर लिहिणं थांबलं, पण सिनेमा बघता बघता मनात पहिलं वाक्य जुळायचं काही थांबलं नव्हतं. आत्ताही ते जुळलं होतं : ज्याची भीती वाटायची त्यालाच विदूषक केल्यावर दिग्दर्शकाच्या हातात उरलं काय?

पहिला भाग त्यांनी इंग्लंडातल्या मेडनहेडच्या याच थिएटरात पाहिला होता. तेव्हा ते आणि पत्नी नंदा मुलाकडे आले होते. नंदा ‘मला नाही बघायचे राक्षस’ म्हणून घरी थांबल्या. इंग्रजी वाचायला कमलाकरांना कसली अडचण नव्हती, पण इथल्या नटांचे उच्चार त्यांच्या कानात शिरत नसत. म्हणून शार्दूल त्यांच्याकडे कलून एकेक संवाद मराठीत सांगत राहिला, आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई सारख्या मागे वळून ‘श्श’ करत राहिल्या. बाहेर पडल्यावर डिसेंबरच्या थंडीत बापलेकांचं वाजलं.

‘तो परत येणार, बाबा. दगड आतून लागलाय. म्हणजे आतून काढता येतो.’

‘आला तर सिनेमा पडला.’

‘पडू दे ना. पण तो येणार.’

अक्षया पुढे चालत होती. ती वळून म्हणाली होती, ‘तुम्ही दोघं घरी येणार आहात, की मी दार लावून घेऊ?’

त्यानंतर वर्षभराने, फेब्रुवारीत, ब्रॅकनेलच्या ऑफिसात दुपारी शार्दूल ‘डोकं दुखतंय’ म्हणाला आणि टेबलावर डोकं टेकून बसला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. कमलाकर आणि नंदा विमानाने पोचले तोवर बोलायला कुणी उरलं नव्हतं.

या भागात कुणी कानात काही सांगायची गरजच पडत नव्हती. शेळी घसरून चिखलात पडते, हे कुठल्याही भाषेत कळतं.

सिनेमा संपत आला तेव्हा डोंगरावरचा दगड हलला. धूळ उडाली, आणि तो घंटा वाजवणारा बाहेर आला. दाढी गुडघ्यांपर्यंत वाढलेली, अंगावर पांढरी धूळ. उन्हात डोळे मिचकावत तो गावकऱ्यांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, जेवायला काय आहे?

थिएटर पुन्हा हसलं.

आपण खुर्चीच्या अगदी कडेला आलो आहोत, हे कमलाकरांच्या थोड्या वेळाने लक्षात आलं. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि त्या खुर्चीतली लहान मुलगी वळून त्यांच्या बोटांकडे बघत होती. त्यांनी हात काढून घेतले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, लावला, पुन्हा काढला. पडद्यावर गावजेवण चाललं होतं. मनात जुळलेलं वाक्य कुठे गेलं, ते त्यांना सापडेना.

बाहेर ऑगस्टचं लांबलेलं ऊन होतं.

‘नदीकडून जाऊ या का?’ अक्षया म्हणाली. ‘थोडं लांब पडेल.’

‘चल.’

थेम्सच्या काठाने शनिवारची गर्दी होती. बोटीत बसून लोक वाइन पीत होते. रेल्वेच्या पुलाखाली दोन मुलं टाळ्या वाजवून विटांच्या कमानीतून परत येणारा आवाज ऐकत होती. अक्षयाने पुलाखालून जाताना काही विचारलं, ते त्या आवाजात विरून गेलं. पलीकडे आल्यावर तिने पुन्हा विचारलं.

‘तुम्ही अजून परीक्षण करत असता, तर काय लिहिलं असतं?’

‘नको. तुझा मूड जाईल.’

‘सांगा ना.’

‘पहिला भाग ज्यांनी केला त्यांना हा दाखवू नका, असं लिहिलं असतं.’

‘इतका वाईट?’

‘वाईट म्हणजे काय आहे, त्या पोराने आत जायचं ठरवलं, त्याला काही वजन होतं. गाव वाचावं म्हणून गेला. आता हा सरळ बाहेर येतो आणि जेवायला मागतो. मग गेला कशाला होता?’

‘भूक लागली असेल.’

‘चेष्टा नाही, अक्षया.’

‘मीही चेष्टा करत नाहीये.’ तिने केस कानामागे सारले. ‘पहिला चांगला होता, बाबा. मला माहीत आहे ते. ऑफिसमध्येसुद्धा सगळे तेच म्हणतात. मागच्या वर्षी एका रविवारी मी त्याची डीव्हीडी लावली होती. शेवटी ती घंटा सुरू झाली, तिथे बंद केली. दुसऱ्या दिवशी सिक लीव्ह टाकली, मग तिसऱ्या दिवशी पण टाकली. आजचा सिनेमा बघून मी सोमवारी कामावर जाऊ शकते. मला तेवढं पुरतं.’

एक बदक पिल्लांची रांग घेऊन पाण्यात उतरलं, ते दिसेनासं होईपर्यंत दोघं बघत राहिले. मग कमलाकरांनाच वाटलं, आपण पोरीला उगाच बोललो.

‘ते असू दे,’ ते म्हणाले. ‘तू लक्षात ठेवून मला बोलावलंस, हे मला फार बरं वाटलं. तुला सांगायचंच होतं.’

‘काय लक्षात ठेवून?’

‘हेच. सिनेमाचं. शार्दूल फोनवर म्हणायचा ना, दुसरा भाग आला की तिकीट पाठवतो, लगेच विमानात बसायचं. तुझं तिकीट आलं तेव्हा मी नंदाला म्हटलंसुद्धा, पोर विसरली नाही.’

अक्षया चालायची थांबली.

‘मला हे माहीत नव्हतं, बाबा. तो असं म्हणाला होता, हे मला आत्ता कळतंय.’

‘मग सिनेमा?’

‘एअरपोर्टवरून येताना तुम्हीच बसवरचं पोस्टर दाखवलंत. दुसरा भाग आलाय, ते मला तेव्हा कळलं.’

समोर एक बाक रिकामा होता. ती बसली, म्हणून तेही बसले. तिने पर्स मांडीवर घेतली, तिची चेन उघडली, लावली.

‘मी तुम्हाला दुसऱ्या कामासाठी बोलावलंय. रोज सांगायचं ठरवते आणि रोज राहतं.’ ती नदीकडे बघत होती. ‘येत्या शुक्रवारी माझं लग्न आहे.’

कमलाकरांनी मान हलवली. बातमी ऐकताना माणूस हलवतो तशी, हळू, दोनतीनदा.

‘विनय नाव आहे. त्याचा जन्म मँचेस्टरचा. रेडिंगला शाळेत केमिस्ट्री शिकवतो. बॅडमिंटनला ओळख झाली. मराठी आहे. म्हणजे, बोलतो थोडं.’ तिने पर्सचा पट्टा सरळ केला. ‘आईंना मी जूनमध्येच सांगितलं. त्याच म्हणाल्या, ह्यांना फोनवर सांगू नकोस. तिकडे बोलावून घे आणि समोर बसून सांग.’

‘नंदाला माहीत आहे.’

‘हो.’

‘जूनपासून.’

‘हो, बाबा.’

एका बोटीतून कुणीतरी त्यांच्याकडे बघून हात हलवला. सवयीने कमलाकरांनीही हलवला.

‘रजिस्टर ऑफिसात दोन साक्षीदार लागतात,’ अक्षया म्हणाली. आता ती भराभर बोलत होती. ‘त्याच्याकडून त्याची बहीण आहे. माझ्या आईला गुडघ्यांमुळे एवढा प्रवास जमत नाही. आणि माझे बाबा तर मी कॉलेजात असतानाच गेले. माझ्याकडून तुम्ही सही कराल का? नाही म्हणालात तरी चालेल. खरंच चालेल. ऑफिसमधली एक मैत्रीण तयार आहे. पण आधी तुम्हाला विचारायचं होतं.’

कमलाकर उठले.

‘चल,’ ते म्हणाले. ‘ऊन उतरलं.’

आवाजात राग नव्हता. पण ते पुढे चालत राहिले, घराकडे वळायची गल्ली आली तरी सरळ चालत राहिले, आणि अक्षयाला मागून हाक मारून त्यांना परत बोलवावं लागलं.

रविवारी सकाळी अक्षया मंडईला म्हणून बाहेर पडली तेव्हा त्यांनी नागपूरला फोन लावला. नंदांनी पहिल्याच रिंगला उचलला.

‘तू मला सांगितलं नाहीस.’

‘सांगितलं तिने? बरं झालं बाई.’

‘मी विचारतोय, तू का सांगितलं नाहीस?’

‘तुम्ही ‘बरं’ म्हणाला असता, पेपर वाचायला घेतला असता, आणि मग दिवाळीपर्यंत कुणाशी बोलला नसता. ओळखत नाही का मी?’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. नंदा गॅस बारीक करून आल्या.

‘तुला काहीच वाटलं नाही?’

‘मी काय केलं ते सांगू? ती म्हणाली तसा फोन ठेवला आणि त्याच्या खोलीत जाऊन बसले. तुम्ही बँकेत गेला होतात. तुम्ही यायच्या आत तोंड धुतलं.’ नंदांचा आवाज जरासा चिरला आणि पुन्हा सरळ झाला. ‘तिला बाप नाही, अहो. आणि ती आपल्याला विचारते आहे. न विचारता केलं असतं तर आपण काय करणार होतो? बॅगेच्या तळाशी तुमचा कोट ठेवलाय. इस्त्री करून. चुरगळला असेल तर तिला सांगा.’

बॅग उघडली तेव्हा कमलाकरांना तो दिसला होता. ऑगस्टात कोट कशाला, असं मनाशी म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला होता.

विनय दुपारी जेवायला आला. उंच, किंचित पोक काढून चालणारा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. हातात शेजारच्या स्लाउहून आणलेली आंब्यांची पेटी होती. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना. मग ती तशीच काखेत धरून तो कमलाकरांच्या पाया पडायला वाकला आणि टेबलाचा कोपरा त्याच्या खांद्याला लागला.

‘नमस्कार. मी विनय. माझा आईने तुम्हाला नमस्कार सांगितली आहे.’

कमलाकरांचे ओठ हलले. उभा जन्म त्यांनी ‘माझा’चं ‘माझ्या’ करण्यात घालवला होता. घरातसुद्धा कुणी सुटलं नव्हतं. त्यांनी ओठ मिटले.

‘त्यांनाही माझा सांगा,’ ते म्हणाले. ‘बसा.’

जेवताना अक्षयाच जास्त बोलत होती. वांगी इथे कुठे चांगली मिळतात, विनयला तिखट कसं सोसत नाही, त्याच्या शाळेत एका मुलाने प्रयोग करताना टायला कशी आग लावून घेतली. ती बोलायची थांबली की चमच्यांचे आवाज मोठे वाटत. विनय पाणी पुन्हा पुन्हा पीत होता.

‘अक्षया म्हणाली तुम्ही काल फिल्म बघितली,’ तो शेवटी म्हणाला. ‘आवडली?’

अक्षयाने वरणाचा डाव वाटीवर तसाच धरला.

‘लोक खूप हसले,’ कमलाकर म्हणाले.

‘मी अजून बघितली नाही. पहिली बघितली होती. मँचेस्टरला, एकटा गेला होतो.’ तो शब्द जुळवत होता. ‘तो मुलगा आत जातो ना, मग ब्लॅक होते. मला इतका वाईट वाटला. बाहेर आलो, ट्राम आली, मी बसलोच नाही. चालत गेलो घरी.’

कमलाकरांनी घास खाली ठेवला. पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा साधा होता. कपाळावर घाम होता.

‘तो परत येईल, असं वाटलं होतं तुम्हाला?’

‘नाही,’ विनय म्हणाला. ‘कसा येणार? तो गेला.’

म्हटल्यावर आपण कुणासमोर काय बोललो ते त्याला कळलं. तो लाल झाला. त्याने अक्षयाकडे बघितलं. ती ताटाकडे बघत होती.

‘सॉरी. मी फक्त फिल्मचं...’

‘बरोबर आहे. मीही तेच म्हणालो होतो,’ कमलाकर म्हणाले. ‘आमच्या शार्दूलला मात्र वाटायचं, तो येईल म्हणून. माझ्याशी भांडला होता त्यावरून. रस्ताभर.’

सकाळपासून त्या घरात हे नाव कुणी उच्चारलं नव्हतं. विनयने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्याने हळूच विचारलं, ‘आणि नवीन फिल्ममध्ये? तो येतो?’

‘येतो.’

‘म्हणजे शार्दूल राइट होता.’

‘हो,’ कमलाकर म्हणाले. ‘बरोबर होता तो.’

ते उठले, हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ सुरू राहिला. विनय उठू लागला तसा अक्षयाने त्याच्या मनगटावर हात ठेवला, आणि तो पुन्हा बसला. ताटांवर हात वाळत होते. दोघं एकमेकांकडे न बघता पाण्याचा आवाज ऐकत राहिली.

कमलाकर बाहेर आले तेव्हा त्यांनी केस विंचरले होते. कपाळाजवळचे केस ओले होते.

‘शुक्रवारी कधी पोचायचंय?’

अक्षयाने वर पाहिलं.

‘सकाळी,’ ती म्हणाली. ‘सकाळीच आहे, बाबा. इथे जवळच, टाउन हॉलमध्ये.’

‘सही मराठीत केली तर चालते का?’

‘चालत असेल. मी विचारते.’

‘विचार. मला तीच सवय आहे.’ ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. ‘कोट आणलाय मी. म्हणजे, नंदाने दिलाय. टाय मात्र नाही माझ्याकडे. इथे कोटावर टाय लागत असेल ना?’

अक्षया एकदम उठली. उष्टा हात तसाच ठेवून ती झोपायच्या खोलीकडे गेली. तिथल्या कपाटाच्या खालच्या खणात शार्दूलचे टाय होते, एकेक गुंडाळून ओळीने ठेवलेले. त्यांना तिने अजून हात लावला नव्हता. डाव्या हाताने तिने दाराची मूठ फिरवली.

‘त्यातला नको,’ कमलाकर म्हणाले.

ती तिथेच थांबली.

‘ते त्याचे आहेत,’ ते म्हणाले. मग विनयकडे वळले. ‘दुकानं उघडी असतात का आज?’

‘चार वाजेपर्यंत.’

‘मग काढ गाडी.’

विनय खिशातल्या किल्ल्या चाचपत उठला. कमलाकर दाराजवळच्या स्टुलावर बसले आणि बूट घालायला वाकले. नाडीचं टोक त्यांच्या बोटांत काही केल्या येईना. ते वाकूनच राहिले, मान खाली घालून, आणि त्या दोघांपैकी कुणीही त्यांना घाई केली नाही.